शेफिल्डला ये

प्रिय संज्या,

‘लंडन सोडून त्या कारखान्यांच्या गावात काय बघायचं?’ असं विचारलंस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गाव देखणं नाही, हे आधीच कबूल. स्टेशनबाहेर पडलं की चढ सुरू. सात टेकड्या म्हणतात; कोणी मोजल्या देव जाणे, माझे गुडघे जास्त सांगतात.

पण काकूंच्या मांडणीवरची नाव घातलेली स्टीलची भांडी आठव. १९१३ साली हॅरी ब्रेअर्ली इथे बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम घालून बघत होता, आणि हाती लागलं न गंजणारं पोलाद! त्याचा बापही भट्टीवरच राबलेला. चाकू-कात्र्या मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून घडत होत्या. भाड्याच्या एखाद्या खोलीत बसून ते काम करणाऱ्या कारागिरांना ‘लिटल मेस्टर’ म्हणत. धार लावणाऱ्यांची फुफ्फुसं दगडाच्या धुळीने जायची, माणसं ऐन उमेदीत संपायची. पोर्टर नदीकाठी पाणचक्कीवर चालणारी त्यांची एक जुनी कार्यशाळा जपून ठेवली आहे. ती दाखवीनच.

ही माणसं रविवारी डोंगरावर जात, आणि मला या गावाचं खरं वेड लागलं ते इथे. शहराची हद्द थेट पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ मुलुखात शिरते. तेव्हा ही माळरानं जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेली. पाय टाकला की राखणदार हाकलत. १९३२च्या एप्रिलमध्ये मँचेस्टरकडचे शेकडो तरुण तिथल्या किंडर स्काउट पठारावर बेधडक चढले, शेफिल्डचे काहीजण दुसऱ्या बाजूने येऊन मिळाले. पुढारी बेनी रॉथमन जेमतेम वीस वर्षांचा. पाचजणांना तुरुंग झाला. १९५१ साली हाच प्रदेश ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरला. चालण्यासाठी तुरुंगात जाणारी माणसं, सांग, लंडनमध्ये दाखवशील?

ऑगस्टच्या उत्तरार्धात ये. हेदरची झुडपं फुलून डोंगर जांभळे होतात. तुला कास आठवेल, फक्त इथे तिकीट नाही. स्टॅनेजच्या कड्याखाली घडवून तसेच टाकलेले जात्याचे दगड गवतात पडलेत, त्यांवर बसून डबा खाऊ.

जेवणाची काळजी नको. इथला लाडका सॉस, हेंडरसन्स रेलिश, शाकाहारी आहे, त्यात चिंचही असते. मी तर वरणातसुद्धा ओततो. बायको बघत नसते तेव्हा.

छत्री आणू नकोस, वारा उलटी करतो. रेनकोट आण, आणि पितांबरीची दोन पाकिटं. काकूंना नमस्कार.

तुझा,
अव्या