टायमिंगची गोळी न देणाऱ्या मेडिकलवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, माझंही लिहीत नाही. नवी मुंबईतल्या ऐरोलीत इतकी मेडिकल आहेत की दुकान कुणाला सापडायचं नाही. तुम्ही वाचलंत तर मात्र ओळखाल. रात्री गर्दी ओसरल्यावर ‘टायमिंगची गोळी’, म्हणजे शीघ्रपतनावरची गोळी, मागणारी गिऱ्हाइकं तुमच्याकडे पुष्कळ येत असणार. त्यातल्या एकाला तुम्ही परत पाठवलंत, त्याचे हे आभार.

चिठ्ठीशिवाय देत नाही, एवढं म्हणून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. तुम्ही हातातलं काम ठेवून काउंटरच्या कडेला आलात, आवाज खाली घेतलात आणि विचारलंत, “पहिल्यापासून असंच आहे, का आता सुरू झालं?” मी म्हटलं, आताशा. “मग गोळीच्या आधी डॉक्टर. आणि शुगर कधी तपासलीस?” शुगरचा इथे काय संबंध, म्हणून मी जरा चिडूनच निघालो होतो.

ठाण्यात ज्या मूत्रविकारतज्ज्ञांकडे गेलो त्यांनीही पहिलं तेच विचारलं. त्यांनी सांगितलं की शीघ्रपतन दोन तऱ्हेचं. काहींना अगदी पहिल्या संबंधापासून जवळपास दर वेळी साधारण एका मिनिटाच्या आत होतं. त्यात मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनाचा भाग असतो असं मानतात, मनाच्या कमकुवतपणाचा नाही. काहींचं आधी सगळं ठीक असतं आणि मग वेळ घसरत तीन मिनिटांच्या आसपास किंवा त्याखाली येते. अशांच्या मागे काहीतरी शोधावं लागतं: थायरॉइड वाढलेला असतो, प्रोस्टेट ग्रंथीला सूज असते, नाहीतर ताठरता टिकत नसते. शिवाय रोखता येत नाही आणि त्याचा त्रास होतो, हे दोन्ही असेल तरच त्याला आजार म्हणायचं. नुसतं घड्याळ पाहून नाही.

घड्याळावरून आठवलं. 2005 साली पाच देशांतल्या पाचशे जोडप्यांना स्टॉपवॉच देऊन केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संबंधाची मधली वेळ निघाली 5.4 मिनिटं, म्हणजे निम्म्यांची त्याहून कमी. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या गुप्तरोगाच्या जाहिराती वाचत मोठे झालेल्या आम्हा लोकांना अर्धा-पाऊण तास म्हणजे साधी गोष्ट वाटते! त्या जाहिरातवाल्यांचा धंदाच या अर्ध्या-पाऊण तासाच्या आकड्यावर चालतो.

माझी गोष्ट ताठरतेची निघाली. ती मध्येच जाईल या धास्तीने मी घाई करत होतो, आणि घाईची शरीराला सवय लागली. मला दिसत होती फक्त घाई. रक्त तपासलं, तर तीन महिन्यांची सरासरी साखर चांगलीच वर. मधुमेहात नसा आणि रक्तवाहिन्या बिघडतात, त्याचा परिणाम तिथेही होतो. त्या रात्री गोळी मिळाली असती तर साखर आत तशीच वाढत राहिली असती.

आणि ती गोळी, डॅपॉक्सेटिन, काही पेपरमिंट नव्हे. संबंधाच्या एक ते तीन तास आधी घ्यायची असते. चक्कर येते, एखाद्याला भोवळही येते, दारूबरोबर तर नकोच. हृदयाचा विकार असेल किंवा नैराश्याची औषधं चालू असतील तर धोका आणखी. बधिर करणारं मलम असतं, पण ते आधी नीट पुसून काढलं नाही तर बायकोलाही बधिरपणा येतो. हे डॉक्टरांनी सगळं सांगितलं आणि मला यातलं काहीच लगेच दिलं नाही. आधी साखर आणि ताठरता, मग उरलं तर बाकीचं.

खरं अवघड होतं ते घरी बोलणं. मी मुद्दाम नाइट शिफ्ट मागून घ्यायचो. बायकोने त्याचा अर्थ वेगळाच लावला होता. महापेच्या ऑफिसात कुणीतरी आहे, इथवर मजल गेली होती. डॉक्टरांनी दोघांना एकत्र बोलावलं. काही दिवस संबंध पूर्ण बंद, नुसता स्पर्श. मग थांबत-थांबत जायचा सराव: भर आला की थांबायचं, ओसरला की पुन्हा सुरू. जेम्स सीमन्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1956 मध्ये मांडलेली पद्धत आहे म्हणे. लघवी अडवताना आवळतो त्या स्नायूंचा व्यायामही आहे, तो मी ठाणे-वाशी गाडीत उभ्याउभ्या करतो. शेजारच्याला पत्ता लागत नाही.

सगळं झकास झालं असं नाही. कधी जमतं, कधी फसतं. पण फसलं की आता तीच आधी हसते आणि मलाही हसू येतं. हे कुठल्या चिठ्ठीवर मिळालं नसतं.

काका, त्या रात्री तुमची एक विक्री बुडाली. साखरेची गोळी, मेटफॉर्मिन, मात्र दर महिन्याला तुमच्याकडूनच नेतो. ॲपवर स्वस्त मिळतं असं बायको सांगत असते. मिळू दे. तुम्ही फक्त ती दहा टक्के सूट मलाही लावत जा, बाकी गिऱ्हाइकांना लावता तशी.

तुमचा,
ऐरोलीचा एक गिऱ्हाईक