पिशवीतल्या चिठ्ठीबद्दल आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

उत्खननाच्या अहवालात संचालकांचं नाव पहिल्या पानावर असतं. पुरावस्तूंची नोंद ठेवणाऱ्यांचं नाव ऋणनिर्देशात कुठेतरी शेवटी येतं, कधी येतही नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुम्ही नोंदवलेल्या खापरांवर माझा प्रबंध उभा आहे, आणि ते खोदकाम झालं तेव्हा मी या विषयात आलेही नव्हते.

एका पिशवीबद्दल सांगायलाच हवं. एक चिठ्ठी आत, तशीच दुसरी बाहेर बांधलेली. खोदकामाच्या चौकटीचा क्रमांक, थर, खोली, तारीख, खोदणाऱ्याची आद्याक्षरं. त्याखाली तुमच्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं एक ओळ : 'खड्ड्यातली भर. खड्डा थर २ ने झाकलेला, थर ३ व ४ कापून गेलेला.' ही खापरं चौथ्या थराइतक्या खोलीवर सापडली होती, पण घडण सरळसरळ नंतरच्या काळातली. ती ओळ नसती तर या घडणीची भांडी चौथ्या थराइतकी जुनी आहेत असं कुणीही धरून चाललं असतं. खोली सारखी असली म्हणून काळ सारखा नसतो, हे पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्यापासून प्रत्येक शिक्षक सांगत आलाय. पुरातत्त्वज्ञ एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये थरांचा क्रम मांडायची जी आकृती तयार केली, तीही याच प्रश्नावर उभी आहे : कोणी कोणाला झाकलं आणि कोणी कोणाला कापलं? पण उन्हात, भराभर पिशव्या येत असताना ते लिहून ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे. ते तुम्ही केलंत.

खापरांवरचे क्रमांक बघून तर मला तुमचे हात धरावेसे वाटले. आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा पातळ थर, त्यावर शाईनं क्रमांक, वर पुन्हा थर. उद्या पुसायचा झालाच तर अ‍ॅसिटोननं निघेल, खापराला धक्का न लागता. क्रमांक नेहमी आतल्या बाजूला. नक्षीवर नाही आणि तुटलेल्या कडेवर तर नाहीच. कडा स्वच्छ होत्या म्हणूनच एक काठ दुसऱ्या पिशवीतल्या खांद्याशी नेमका जुळला. दोन शेजारच्या चौकटींतल्या दोन वेगळ्या खड्ड्यांत एकाच भांड्याचे तुकडे! दोन्ही खड्डे साधारण एकाच सुमारास भरले गेले असावेत, हा माझा मुद्दा त्या जोडावर उभा आहे. आणि सगळी खापरं टेबलावर एकत्र पसरल्यावरही प्रत्येक तुकडा आपापल्या पिशवीत परत गेला.

काही भांड्यांचे तळ तुम्ही न धुताच ठेवलेत. 'आतून धुऊ नये' असं वर लिहिलेलं होतं. त्या वेळी भांड्याच्या अंगात मुरलेल्या चरबीचे अंश शोधण्याची सोय तुमच्याकडे नव्हती, तरी कधीतरी कुणाला लागतील म्हणून राखलेत. मला लागले.

कोळशाचे तुकडे फॉइलमध्ये वेगळे, आणि त्याच खड्ड्यातली माती पाण्यात तरंगवून काढलेले जळके दाणेही वेगळे. याचा उपयोग फार मोठा. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५७३० वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्मा उरतो. त्यावरून कोळशाचं वय निघतं, पण ते लाकडाचं, आणि जुन्या झाडाच्या गाभ्याचं लाकूड चुलीत जाण्याआधीच शेकडो वर्षांचं असू शकतं. दाणा एका हंगामाचा. तारखेसाठी मी दाणेच पाठवले.

ताई, पिशव्या जुन्या होऊन फाटायला आल्या होत्या, त्या बदलल्या. चिठ्ठ्या तुमच्याच ठेवल्यात, आम्लरहित पाकिटात. प्रबंधाच्या सूचीत एकाही खापराला नवा क्रमांक दिलेला नाही, सगळे तुमचेच आहेत. आणि ऋणनिर्देशात पहिलं नाव तुमचं आहे. प्रत पाठवतेय. तक्ते तपासून काही खटकलं तर जरूर कळवा, छापण्याआधी दुरुस्त करता येईल.

आपली कृतज्ञ,
एक पुरातत्त्व अभ्यासक