राच्चकान, रच्चकान आणि बंद फाटक

बँकॉक, २३ ऑक्टोबर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

आज इथल्या एका सरकारी कार्यालयात गेलो, तर फाटकाला कुलूप. पहारेकरी हसून म्हणाला, ‘वान युत राच्चकान’, म्हणजे सरकारी सुट्टी. कसली, विचारलं तर म्हणे, ‘रच्चकान थी हा’. मला वाटलं, एकच शब्द दोनदा सांगतोय. शेवटी त्याने भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवलं: राजा चुलालाँगकोर्न. १९१० साली आजच्याच दिवशी गेला.

एका ‘आ’चा काय तो फरक. रच्चकानमधला ‘कान’ म्हणजे आपला ‘काल’, राज्यकाल; ‘थी हा’ म्हणजे पाचवा. चक्री घराण्याचा हा पाचवा राजा. आणि राच्चकान म्हणजे सरकारी कारभार. मी इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत होतो की हे आपलं ‘राजकारण’च! साफ चूक. लिहितात ‘राजकार’, थाई माणूस शब्दाच्या शेवटच्या ‘र’ आणि ‘ल’चा ‘न’ करतो, म्हणून कार आणि काल दोन्ही ‘कान’. नगराचंही ‘नखोन’ होतं ते त्यामुळेच. राजकारणाला इथे वेगळाच शब्द आहे, ‘कानमुआंग’: मुआंग म्हणजे शहर, मुलूख.

तर राजकार, राजाचं काम. तुझ्यासारख्या तहसील कचेरीत जन्म काढलेल्या माणसाला इथे ‘खा राच्चकान’ म्हणतात. खा म्हणजे चाकर! १८९२ मध्ये याच चुलालाँगकोर्नने जुनी व्यवस्था मोडून बारा खाती केली. प्रांतांच्या गटांना नाव दिलं ‘मोन्थोन’, म्हणजे आपलं मंडल. १९३२ मध्ये राजाची निरंकुश सत्ता संपली, पण चाकर मात्र राजाच्याच नावाचे राहिले. सरकारी कागदाच्या माथ्यावर अजून गरुड असतो, पंख पसरलेला, विष्णूचं वाहन. आपणही कुठे शहाणे? ‘सरकार’ फारसीतून उचललं, त्यातही ‘कार’ म्हणजे कामच.

उद्या पुन्हा खेप. प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या शाईने सही करून न्यायची आहे. गेल्या वेळी काळ्या पेनाने केली, तर बाईंनी गठ्ठा गोड हसून परत सरकवला. तू हसशील, माहीत आहे. लोकांना अशा किती खेपा घालायला लावल्यास ते आठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल