जुना प्रोग्राम पुन्हा चालता करणाऱ्या स्नेह्यास आभारपत्र

कोपरखैरणे येथील आमच्या अभियंता स्नेह्यास,

सप्रेम नमस्कार.

आमच्या छापखान्यातील अक्षरजुळणीचा जुना प्रोग्राम आपण लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर पुन्हा सुरू करून दिलात, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र. तो तयार करणारी कंपनी कधीच बंद झाली होती आणि जुना संगणकही गेला. प्रोग्राम ३२-बिट असला तरी त्याचा इन्स्टॉलर (तो संगणकावर बसवणारा प्रोग्राम) त्याहून जुन्या, १६-बिट पद्धतीचा होता, आणि आजचे ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्राम चालवतच नाही, हे आपण सांगेपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हते. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, पावतीपुस्तके अशा कित्येक वर्षांच्या फाइली त्यामुळे अडकून पडल्या होत्या.

आपण त्यासाठी वाइन वापरले. १९९३ मध्ये सुरू झालेला हा मुक्त प्रकल्प विंडोजची प्रत चालवत नाही. फाइल उघडणे, खिडकी काढणे, अक्षर रेखाटणे अशी जी कामे प्रोग्राम विंडोजला सांगतो, ती तो लिनक्सकडून करून घेतो, हे आपण आमच्या कंपोझिटरांनाही सहज उमगेल असे समजावलेत.

खरी अडचण अक्षरांची होती. आमचे फॉन्ट युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतील अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) आधीच्या काळातले, म्हणजे मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या जागांवर बसवलेले. मराठी लोकॅलमध्ये (भाषा व प्रदेशाच्या सेटिंगमध्ये) प्रोग्राम उघडला खरा, पण बरीच जोडाक्षरे विस्कटलेली दिसत होती. फॉन्टला दोष देऊन मोकळे न होता आपण कोडपेजकडे, म्हणजे कोणता अंक कोणते अक्षर हे ठरवणाऱ्या तक्त्याकडे, लक्ष दिलेत, आणि तेवढ्या एका प्रोग्रामला इंग्रजी लोकॅल देताच पत्रिकेवरचा ‘श्री’ जागेवर आला. (मराठी नीट दिसावे म्हणून इंग्रजी लोकॅल लावावे लागते, याची आमच्याकडे अजून गंमत वाटते.)

त्याहून मला आवडला तो आपला नीटनेटकेपणा. या प्रोग्रामसाठी आपण स्वतंत्र ३२-बिट प्रीफिक्स (वाइनचा स्वतःचा फोल्डर) केलात, म्हणून इतर प्रोग्रामांच्या डीएलएल, म्हणजे साहाय्यक, फाइली त्यात मिसळत नाहीत, आणि त्या एका फोल्डरची टार फाइल (सगळे एकत्र बांधलेली एकच फाइल) करून ठेवली की बॅकअपही होतो. छपाई नेहमीच्याच प्रिंटरवर, कप्स या लिनक्सवरील छपाई-व्यवस्थेमार्फत होते.

हे आज चालते म्हणून कायम त्यावर विसंबू नका, फाइली युनिकोडमध्ये आणा, असेही आपण स्पष्ट बजावलेत; काम करून दिल्यावर त्याची मर्यादा सांगणारे थोडेच. त्याप्रमाणे मंडळांच्या अहवालांपासून सुरुवात केली आहे. जुन्या फाइलींत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असल्याने रूपांतरात त्यांचा क्रम बदलावा लागतो, म्हणून प्रत्येक पान मुद्रितशोधकाच्या नजरेखालून जाते. पहिला अहवाल पूर्ण झाला की त्याची प्रत आपल्याकडे पाठवतो.

आपला,
एक मुद्रक
नौपाडा, ठाणे