अष्टमीच्या मध्यरात्री भरती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला किशोरांच्या सागरी कादंबऱ्यांवरचा लेख वाचला. आरमारी कादंबरीतले चुंबन आठवीतल्या मुलीने वाचावे की वाचू नये, यावर लेखकमहाशयांनी दीड स्तंभ खर्च केला आहे. समुद्राच्या वाट्याला मात्र तीनच शब्द आले, 'दर्याचे जिवंत चित्रण'. हे तीन शब्द ज्या कादंबरीला बहाल केले आहेत, तिच्याशी माझे जुने भांडण आहे. म्हणून रात्री झोप लागली नाही आणि सकाळी हे पत्र.

ज्या प्रसंगाचे लेखात एवढे कौतुक आहे, तोच घेते. पौष वद्य अष्टमी, मध्यरात्र. नायिका चोरदरवाजाने उतरून खाली येते. खाडीत नायक होडी घेऊन उभा. उधाणाच्या भरतीचे पाणी तटाला धडका देते आहे. समुद्रावरून खारा वारा सुटतो, शीड फुगते आणि होडी बाणासारखी खोल दर्यात जाते. क्षितिजावर चंद्र नुकताच उगवतो आहे. यातला चंद्र तेवढा बरोबर आहे, वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच उगवतो. म्हणजे लेखकाने पंचांग उघडले होते. मग जरा खाली पाण्याकडेही बघायचे!

कोकणच्या किनाऱ्यावर कुणालाही विचारा. तिथीला तिनाने गुणायचे, चाराने भागायचे, भरतीची वेळ मिळते. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. आणि उधाण कसले? उधाण अमावास्या-पौर्णिमेला. अष्टमीला भांगाची भरती, म्हणजे सगळ्यांत कमी पाण्याची, ती तटाला कसल्या धडका देते! मध्यरात्रीनंतर पाणी भरायला लागते, म्हणजे खाडीतली होडी बाहेर जात नाही, आत ढकलली जाते. पहाटेपर्यंत ही जोडी नायिकेच्या बापाच्याच धक्क्याला लागली असती. वाऱ्याचे तर विचारूच नका. थंडीच्या दिवसांत रात्री उशिरा मतलई सुटतो, जमिनीवरून समुद्राकडे. पळून जाणाऱ्यांना यापेक्षा मोठा सोबती कोण? लेखकाने तो फुकटचा मतलई नाकारला, तोंडावर खारा वारा घेतला आणि त्याच वाऱ्याने शीड फुगवून होडी पुढे नेली.

गंमत अशी की हे दुरुस्त करायला एक शब्द पुरला असता. अष्टमीची अमावास्या करा. मध्यरात्री भरती भरते आणि उतरायला लागते, ओहोटीची ओढ बाहेरच्या बाजूला, मतलई पाठीशी, आणि पहारेकऱ्याला होडी दिसायला आकाशात चंद्रच नाही. प्रसंग आहे त्याहून चांगला झाला असता. एका उगवत्या चंद्रावर जीव जडला म्हणून सगळा समुद्र उलटा वाहवला.

आता हे मला कसे सापडले तेही सांगते. मी एका शाळेचे ग्रंथालय सांभाळते. आठवीतल्या एका मुलीने हे पुस्तक दुसऱ्याच दिवशी परत आणून दिले. विचारले, "आवडलं नाही का गं?" तर म्हणाली, "बाई, पाणी भरताना हिची होडी भाईर कशी काय गेली?" ही मुलगी आजीबरोबर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जाते. कोणत्या तिथीला वाळू कधी उघडी पडते, हे तिला घड्याळ न बघता कळते. चुंबनाबद्दल तिने अवाक्षर काढले नाही. लेखकमहाशयांनी निश्चिंत असावे.

मी प्रकाशकांना सविस्तर पत्र लिहिले. तिथी, वेळ, वारा, सगळे मांडून. उत्तर आले नाही म्हणून फोन केला. पलीकडचे गृहस्थ अतिशय गोड बोलले. म्हणाले, "ताई, मुलं एवढं बघत नाहीत हो. त्यांना गोष्ट पाहिजे असते." मी म्हटले, एका मुलीने बघितले म्हणूनच तर फोन केला. ते हसले आणि पुढच्या आवृत्तीत नक्की बघू म्हणाले. पुढची आवृत्ती आली. मुखपृष्ठावरच्या नायिकेचा हिरवा शालू जांभळा झाला होता. अष्टमी जागच्या जागी.

त्याच मुखपृष्ठावर नायक एका हाताने तिला सावरतो आहे आणि दुसऱ्या हाताने जहाजाचे मोठे लाकडी चक्र फिरवतो आहे. कादंबरी खांदेरी बेटावरच्या लढाईची, म्हणजे 1679 ची. तसली चक्रे युरोपियन जहाजांवरसुद्धा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आली. आपल्या गलबतावर सुकाणूचा दांडा. पण दांडा धरून प्रेम करताना चित्र चांगले दिसत नसावे. मागे जे जहाज काढले आहे ते तर सरळ चाच्यांच्या सिनेमातून उचललेले.

प्रणयाला माझी काडीची हरकत नाही. मुलींना तो हवा असतो, मुलांनाही हवा असतो, ती लपवून वाचतात इतकेच. हरकत एवढीच की समुद्र नाटकाच्या मागच्या पडद्यासारखा टांगला जातो. खांदेरीची लढाई घ्या. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा जड. वारा पडला की ती जागच्या जागी डुलत राहायची, आणि आपल्या लहान होड्या वल्ह्यांवर, उथळ पाण्यातून, रात्री बेटावर रसद पोहोचवायच्या. 1679 च्या ऑक्टोबरात 'डव्ह' नावाचे इंग्रजी जहाज आपल्या हाती लागले. वारा आणि पाण्याची खोली काढून टाका, या गोष्टीत उरते काय? या कादंबरीत मात्र नायक दोराला लोंबकळत शत्रूच्या जहाजावर उडी घेतो आणि तलवारीने अकरा जणांना लोळवतो. आंग्र्यांच्या गुराबा, म्हणजे मोठी लढाऊ जहाजे, शत्रूच्या पिछाडीवर का जायच्या, वारा नसला की गलबते त्यांना ओढून कशी न्यायची, हे कुणी मुलांना गोष्टीत सांगेल काय? शत्रूच्या जहाजाच्या कुशीतल्या तोफा मागे वळत नाहीत, एवढे समजले की मूल पुस्तक खाली ठेवणार नाही.

आणि प्रेमकथाच हवी तर कान्होजी आंग्र्यांच्या काळातली खरी आहे की. 1712 मध्ये कारवारहून मुंबईला निघालेले इंग्रज गव्हर्नरचे जहाज आंग्र्यांनी पकडले. कारवारच्या वखारीचा प्रमुख त्या लढाईत मेला आणि त्याची तरुण बायको अलिबागच्या कुलाब्याला कैदेत राहिली. तीस हजार रुपयांची खंडणी भरल्यावर सुटली. तिला कुणी नायिका करत नाही. आमच्या कादंबऱ्यांत नेहमी पोर्तुगीज कप्तानाची मुलगी आणि सरदाराचा मुलगा. ज्यांच्या जिवावर आरमार चालले ते कोळी, भंडारी, गाबीत, दालदी खलाशी दर दहा पानांनी 'जी मालक' म्हणायला येतात आणि जातात. एखाद्या तांडेलाच्या पोरालाही प्रेमात पडू द्या की!

पुढचा लेख छापण्याआधी परीक्षणकर्त्यांना एकदा किनाऱ्यावर पाठवावे ही विनंती. आषाढात पाठवलेत तर उत्तमच. याच कादंबरीत नायक ऐन आषाढात विजयदुर्गाहून शिडे फुगवून निघाला आहे, तेव्हा त्यांनाही होडी मिळायला हरकत नाही. पावसाळ्यात जहाजे खाडीत ओढून ठेवत आणि नारळी पौर्णिमेनंतर बाहेर काढत. आंग्र्यांच्या काळची गोदी विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे अजून आहे, तीही बघून यावे.

जाता जाता आणखी एक. पूर्वी आपल्या दैनिकात सूर्योदय-सूर्यास्ताच्या खाली भरती-ओहोटीच्या वेळा छापून येत. पानांची नवी मांडणी झाल्यापासून त्या गायब आहेत आणि राशिभविष्याला दोन स्तंभ मिळाले आहेत. मच्छीमारांचे सोडा, ते तुमच्यावर अवलंबून नाहीत. पण शहरात बसून दर्यावर कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना या वेळांची फार गरज आहे. त्या पुन्हा सुरू कराव्यात. जागा नसेल तर कर्क राशीचे भविष्य थोडे आखडते घ्यावे. माझीच रास आहे, तक्रार करणार नाही.

आपली,
एक ग्रंथपाल, ता. देवगड