ज्यांची नावं मला ठाऊक नाहीत, त्यांचे आभार

सुरक्षित आणि कायदेशीर गर्भपाताच्या हक्कासाठी झटणाऱ्या, फोनवर माझ्याशी बोललेल्या त्या ताईंचे आणि त्यांच्यासारख्या कितीतरी जणींचे मनापासून आभार.

ताई, तुम्ही 'का?' असं एकदाही विचारलं नाहीत. शेवटची पाळी कधी आली, काही आजार आहे का, सोबत कोणी आहे का, एवढंच विचारलंत. गर्भपाताच्या गोळ्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या, आधी मिफेप्रिस्टोन, मग मिसोप्रोस्टॉल, हे सावकाश समजावलंत. तासाला दोन पॅड पूर्ण भिजताहेत आणि सलग दोन तास तसंच चाललंय, तर वाट बघायची नाही, थेट दवाखाना गाठायचा, हे माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलंत. तेव्हा कुठे जिवात जीव आला. घाबरलेल्या बाईला उपदेश नको असतो, नेमकी माहिती हवी असते.

आणि कायदे काही आपोआप बदलत नाहीत. आयर्लंडमध्ये २०१२ साली गर्भपात नाकारला गेल्यावर सविता हलप्पनवार यांचा मृत्यू झाला. त्यांचे फोटो घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या, २०१८ च्या सार्वमतात घटनेतली बंदी उठली. अर्जेंटिनात हिरवे रुमाल बांधून वर्षानुवर्षं मोर्चे निघाले, तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये कायदा मंजूर झाला. भाषणं करणाऱ्यांची नावं छापून येतात. पत्रकं वाटणाऱ्या, दारोदार फिरून शिव्या ऐकणाऱ्या, रात्री-अपरात्री फोन उचलणाऱ्या तुम्ही मात्र कुठेच दिसत नाही.

'उद्या पुन्हा फोन करते,' म्हणालात आणि खरंच केलात. त्याचे तर विशेष आभार.