रविवारची मुंबई सहल, सगळ्यांनी नीट वाचा

नमस्कार मंडळी, येत्या रविवारी आपण घारापुरीला जातोय. डेक्कन क्वीन सव्वासातला सुटते, त्यामुळे साडेसहाला पुणे स्टेशनवर हजर राहा, गाडी कुणासाठी थांबणार नाही. ओरिजिनल आयडी जवळ ठेवा, मोबाईलमधला फोटो नको.

- एका दिवसात सगळी मुंबई बघायचा हट्ट प्लीज नको. बाहेरून येणारे बरेच जण हीच चूक करतात, सिद्धिविनायक, जुहू, राणीची बाग सगळं कोंबतात आणि अर्धा दिवस ट्रॅफिकमध्ये जातो. लाँचला एका बाजूने साधारण तास लागतो, म्हणून फक्त लेणी, पण ती शांतपणे बघू. त्रिमूर्तीसमोर जरा बसा, फोटो काढून लगेच पळू नका.
- सीएसएमटीवरून गेटवेला टॅक्सीने, मीटरनेच. रिक्षा शोधत बसू नका, त्या भागात रिक्षा चालतच नाहीत.
- लोकलने मध्येच नातेवाईकांकडे जाऊन येतो असं कुणी करू नका, रविवारी मेगाब्लॉक असतो आणि परतीची गाडी चुकेल.
- बेटावर शंभराच्या वर पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी आधी सांगा, डोलीची सोय बघू.
- माकडं हातातली पिशवी ओढतात, डबे सॅकमध्येच ठेवा.

परतीची लाँच अडीचला पकडायचीच, कारण डेक्कन क्वीन ५.१० ला सुटते. कोण येणार ते शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर कळवा.